कॉन्टेक्स्ट स्विचच्या वेळी हार्डवेअर काउंटर कसे जपावेत?

निरंक

ऑपरेटिंग सिस्टिम शिकवण्यासाठी लिहिलेलं एक छोटं एक्स८६-६४ कर्नल आहे. एकच कोअर, इंटेलचा प्रोसेसर, हायपरव्हायझर नाही. प्रत्येक प्रोसेसने किती इन्स्ट्रक्शन चालवल्या हे प्रोसेसनिहाय दाखवायचं आहे. सध्याची पद्धत साधी आहे. कॉन्टेक्स्ट स्विच होताना, म्हणजे सीपीयू एका प्रोसेसवरून दुसरीवर जाताना, जाणाऱ्या प्रोसेसचा पीएमसी० (हार्डवेअर काउंटर) आरडीएमएसआरने (एमएसआर, म्हणजे प्रोसेसरची खास रजिस्टर, वाचायची इन्स्ट्रक्शन) वाचून तिच्या पीसीबीमध्ये (कर्नलकडच्या प्रोसेसच्या नोंदीत) ठेवतो. येणाऱ्या प्रोसेसचा जुना आकडा डब्ल्यूआरएमएसआरने (एमएसआर लिहायची इन्स्ट्रक्शन) परत रजिस्टरमध्ये भरतो. जनरल रजिस्टरांचं जसं करतो तसंच. (या धाग्यात एमएसआरचे पत्ते हेक्समध्ये धरा: काउंटर सी१, इव्हेंट सिलेक्ट १८६.)

अडचणी दोन:

१. लहान प्रोग्रॅमचे आकडे बरोबर येतात. मोठं लूप चालवलं की आकडा मध्येच उडी मारून २८,१४,७३,०९,७६,६२,४६४ असा काहीतरी होतो.

२. फिक्स्ड काउंटर ० (हा कायम इन्स्ट्रक्शनच मोजतो) मी कधीच थांबवत नाही, तो संपूर्ण सीपीयूचा हिशेब ठेवतो. सगळ्या प्रोसेसची बेरीज त्याच्यापेक्षा नेहमी कमी भरते, आणि स्विच जास्त झाले की तूट वाढते.

आणि मूळ प्रश्न: सेव्ह-रिस्टोअर ही पद्धतच बरोबर आहे का?

त्रिज्या

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्या आकड्यातच आहे. तो हेक्समध्ये लिहा: एफएफएफएफ ९००० ००००. म्हणजे तुम्ही ९००० ०००० लिहायला गेलात आणि वरचे १६ बिट एकने भरले गेले.

सी१ या पत्त्यावर लिहिताना इंटेल फक्त खालचे ३२ बिट घेतो आणि ३१ वा बिट वरच्या सगळ्या बिटांत पसरवतो. वाचताना मात्र पूर्ण ४८ बिट मिळतात. त्यामुळे आकडा २१४ कोटींच्या (२ चा ३१ वा घात) आत असेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. ३ गिगाहर्ट्झवर सायकलमागे एक इन्स्ट्रक्शन धरली तर ही मर्यादा पाऊण सेकंदाच्या आतच गाठली जाते. आणखी पुढे, ४२९ कोटींच्या वर गेलेला आकडा परत भरलात, तर ३२ बिटांच्या वरचा भाग गळून पडतो. तिथे उडीही दिसत नाही, आकडा फक्त गुपचूप कमी होतो. ती चूक जास्त वाईट, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही.

उपाय: आयए३२_पर्फ_कॅपॅबिलिटीज (३४५) मधला १३ वा बिट पाहा. तो १ असेल तर ४सी१ पासून पुढे त्याच काउंटरांचे दुसरे पत्ते आहेत, तिथे पूर्ण रुंदीने लिहिता येतं. लिहिण्याआधी ४८ बिटांचा मास्क लावायला विसरू नका, वरचे बिट शून्य नसतील तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येईल. रुंदी ४८ आहे असं गृहीतही धरू नका. सीपीयूआयडीच्या (प्रोसेसरची माहिती देणारी इन्स्ट्रक्शन) ०ए लीफमध्ये ईएएक्सचे ८ ते १५ बिट काउंटरांची संख्या सांगतात आणि १६ ते २३ रुंदी.

वाटाड्या

त्रिज्या यांनी दिलेला उपाय बरोबर आहे, पण निरंक यांच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. जुना आकडा रजिस्टरमध्ये परत भरायची गरजच नाही.

जनरल रजिस्टर परत भरावी लागतात, कारण प्रोग्रॅमला तीच किंमत तिथेच हवी असते. काउंटरचं तसं नाही. प्रोग्रॅमला हवा असतो फरक. वीज मीटरचा हिशेब आठवा. भाडेकरू बदलला म्हणून कोणी मीटर मागे फिरवत नाही. आत येताना रीडिंग, बाहेर पडताना रीडिंग, वजाबाकी करायची आणि ती त्याच्या नावावर मांडायची.

म्हणून पीसीबीमध्ये दोन गोष्टी ठेवा: 'मागचं रीडिंग' आणि ६४ बिटांची 'एकूण'. स्विच-इनला काउंटर वाचून मागच्या रीडिंगमध्ये टाका. स्विच-आउटला वाचा, वजा करा, एकूणमध्ये मिळवा. काउंटरवर काही लिहायचंच नाही, त्यामुळे ३२ बिटांचा प्रश्नही उरत नाही.

काउंटर ४८ बिटांनी गुंडाळला गेला तरी वजाबाकी बरोबर यावी म्हणून दोन्ही किमती आधी १६ बिट डावीकडे सरकवा, वजा करा, मग उत्तर १६ बिट उजवीकडे आणा. व्हेरिएबल अनसाइन्ड हवेत. लिनक्सच्या पर्फमध्येही (काउंटर वापरून मोजमाप करणारं साधन) बेरीज अशीच होते.

त्रिज्या

@वाटाड्या, नुसतं मोजायचं असेल तर मान्य. सॅम्पलिंग असेल तर लिहावंच लागतं. दर १० लाख इन्स्ट्रक्शनना इंटरप्ट हवा असेल तर काउंटरमध्ये उणे १० लाख भरून तो शून्याकडे जाऊ द्यावा लागतो. प्रोसेस ४ लाखांवर बाहेर गेली तर पुढच्या वेळी उणे ६ लाखांपासूनच सुरू करायला हवं. तुमचा मीटर तिथे पुरत नाही.

वाटाड्या

बरोबर, तिथे 'उरलेला पीरिअड' हे तिसरं फील्ड लागतं. पण तेव्हाही जपतो तो उरलेला भाग, एकूण आकडा नाही. हा भाग २१४ कोटींपेक्षा लहान ठेवला तर सी१ हा जुना पत्ताही चालतो. उणे किमतीचा ३१ वा बिट १ असतो आणि तो वर पसरतो, तेच तर हवं असतं. ती ३२ बिटांची रीत बहुधा याच वापरासाठी ठेवली असावी.

अबोली

दुसऱ्या अडचणीबद्दल. तुटीला एकूण स्विचच्या संख्येने भागून पाहा. स्विचमागे तूट जवळजवळ ठरावीक, काही डझन ते काही शे इन्स्ट्रक्शन, अशी आली तर चूक काहीच नाही. जाणाऱ्याचं वाचन आणि येणाऱ्याचं वाचन यांच्यामध्ये तुमचं शेड्युलर चालतं, आणि ते कोणाच्याच खात्यावर नाही. त्याला वेगळं खातं उघडा, 'कर्नल' नावाचं. किंवा एकच वाचन घ्या: तोच आकडा जाणाऱ्याचा शेवट आणि तोच येणाऱ्याची सुरुवात. मग तूट शून्य होते, फक्त शेड्युलरचा खर्च कोणाच्या तरी माथी जातो. आयडल टास्कलाही खातं हवं, ते बहुतेकजण विसरतात.

ताळा हवा असेल तर दोन्हीकडे फक्त यूजर मोड मोजा. इव्हेंट सिलेक्टमध्ये १६ वा बिट यूजर, १७ वा ओएस, २२ वा एनेबल. रिटायर्ड (पूर्ण झालेल्या) इन्स्ट्रक्शनसाठी ४३००सी० लिहिलं तर दोन्ही मोड, ४१००सी० लिहिलं तर फक्त यूजर. फिक्स्ड काउंटरचा मोड ३८डी मध्ये ठरतो, तिथेही तेच करा. अगदी शेवटच्या अंकापर्यंत जुळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. एक्स८६ वर यूजर मोडमध्ये असताना येणाऱ्या प्रत्येक हार्डवेअर इंटरप्टमागे आणि पेज फॉल्टमागे रिटायर्ड इन्स्ट्रक्शनचा आकडा एकने जास्त येतो. त्यामुळे तोच प्रोग्रॅम दोनदा चालवला तर आकडे थोडे वेगळे दिसतात.

मुरंबा

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). एक भाबडा प्रश्न: 'कॉन्टेक्स्ट स्विच'ला मराठीत काय म्हणायचं? 'संदर्भबदल' वाचलं की निबंधातल्या तळटीपा आठवतात.

अबोली

वर्गात 'कॉन्टेक्स्ट स्विच'च म्हणावं, मुलांना मुलाखतीतही तेच ऐकू येणार आहे. समजावताना मी 'पाळी बदलणे' म्हणते. कारखान्यात पाळी बदलली की यंत्र तेच, कामगार दुसरा, आणि प्रत्येकाची हजेरी वेगळी. काउंटर म्हणजे ती हजेरी.

मुरंबा

पाळी बदलणे आवडलं. +१

खडकवासला

क्रमाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एकापेक्षा जास्त काउंटर असतील तर हा क्रम पाळा.

स्विच-आउटला सर्वात आधी ३८एफ (ग्लोबल कंट्रोल) मध्ये ० लिहा. सगळे काउंटर एकाच क्षणी थांबतात. चार जनरल आणि तीन फिक्स्ड चालू असतील तर तिथे आधी ७००००००० एफ होतं, म्हणजे खालचे चार बिट आणि ३२ ते ३४ हे तीन. मग वाचा. वाचायला आरडीएमएसआर नको, आरडीपीएमसी वापरा, ती बरीच स्वस्त आहे. ईसीएक्समध्ये काउंटरचा क्रमांक द्यायचा, फिक्स्डसाठी ३० वा बिट १ करायचा. मग ३८ई मध्ये ओव्हरफ्लोचे बिट पाहा आणि ३९० मध्ये तेच बिट लिहून ते पुसा. स्विच-इनला इव्हेंट सिलेक्ट फक्त बदललं असेल तरच लिहा, पीरिअड भरा, आणि ३८एफ अगदी शेवटी.

खर्च डब्ल्यूआरएमएसआरचा असतो, प्रत्येक लिखाणाला शंभरच्या वर सायकल सहज जातात. सात काउंटर, चार सिलेक्ट आणि वर ग्लोबल असं दर स्विचला आंधळेपणाने लिहीत बसलात, तर स्विचपेक्षा हिशेबच महाग पडेल. निरंक यांचा फिक्स्ड ० जर पूर्ण सीपीयूचा हिशेब ठेवत असेल तर ३२ वा बिट मात्र कधी बंद करू नका, नाहीतर त्यातही तूट येईल.

एएमडीवर झेन ४ च्या आधी असं ग्लोबल रजिस्टर नाही. तिथे सहाही काउंटर एकेक करून थांबवावे लागतात आणि प्रत्येकाचा थांबण्याचा क्षण किंचित वेगळा असतो. दोन काउंटरांचं गुणोत्तर काढताना हे लक्षात ठेवा.

त्रिज्या

खडकवासला यांच्या क्रमात एक फट आहे, ती सॅम्पलिंगवाल्यांना चावते. शेड्युलरमध्ये इंटरप्ट बंद असतात म्हणून आपण निर्धास्त असतो, पण काउंटरचा इंटरप्ट एनएमआय (न रोखता येणारा इंटरप्ट) म्हणून लावलेला असेल तर क्लिअर इंटरप्टने तो थांबत नाही. ३८एफ मध्ये शून्य पडायच्या आधीच्या शेवटच्या काही सायकलमध्ये ओव्हरफ्लो झाला, तर एनएमआय तुम्ही बेरीज करत असताना येऊन तीच बेरीज करू शकतो. फरक दोनदा जमा होतो. म्हणून लिनक्समध्ये मागचं रीडिंग कंपेअर-एक्स्चेंजने बदलतात: मध्ये कोणी बदलून गेलं असेल तर पुन्हा वाचायचं.

आणि तो एनएमआय जर आणखी उशिरा, काउंटर पुसून झाल्यावर आला, तर हँडलरला कोणताच काउंटर ओव्हरफ्लो दिसत नाही. मग लॉगमध्ये 'अनोळखी कारणाने एनएमआय आला' अशी ओळ येते. एएमडीवर हे इतकं होत होतं की लिनक्समध्ये काउंटर बंद केल्यावर ओव्हरफ्लो निस्तरेपर्यंत थोडं थांबायची आणि नंतर काही काळ येणारे बेवारस एनएमआय आपलेच समजायची सोय करावी लागली.

तिसरं म्हणजे, इंटेलवर हा इंटरप्ट एकदा आला की लोकल एपिकमधल्या (कोअरच्या इंटरप्ट नियंत्रकातल्या) त्याच्या एन्ट्रीचा मास्क बिट आपोआप १ होतो. हँडलरने तो दर वेळी परत शून्य करायचा. 'पहिला सॅम्पल येतो आणि मग शांतता' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

रानभाजी

लेझी का करत नाही कोणी? येणाऱ्या प्रोसेसला काउंटर नकोच असतील तर जुने तसेच राहू द्यायचे. तीच प्रोसेस परत आली तर काहीच काम नाही.

वाटाड्या

एका कोअरवर हे चालतं आणि पूर्वीच्या पॅचमध्ये असं केलंही जायचं. पण दोन कोअर आले की प्रोसेस दुसरीकडे जाते आणि तिचं न उचललेलं रीडिंग पहिल्या कोअरच्या रजिस्टरमध्ये पडून राहतं. ते आणायला इंटर-प्रोसेसर इंटरप्ट पाठवावा लागतो. वाचवलेलं सगळं तिथे खर्च होतं.

दुसरं कारण गळतीचं. यूजर मोडमधून आरडीपीएमसी चालू ठेवलं असेल (सीआर४ मधला पीसीई बिट) तर पुढची प्रोसेस मागच्याचा आकडा वाचू शकते. एफपीयूचं (फ्लोटिंग पॉइंट युनिटचं) लेझी रिस्टोअर याच जातीचं होतं आणि २०१८ मध्ये लेझीएफपीच्या त्रुटीने त्याचा निकाल लावला. लिनक्सनेही नंतर अशा प्रोसेससाठी, मागच्याने वापरलेले पण आता कोणाच्याच नावावर नसलेले काउंटर शून्य करायला सुरुवात केली.

लिनक्समधली खरी बचत वेगळ्या जागी आहे. एकाच प्रोसेसचे थ्रेड एकमेकांना जागा देत असतील आणि दोघांकडे वारशाने आलेले तेच इव्हेंट असतील, तर हार्डवेअरला हातच लावत नाहीत. दोन टास्कचे कॉन्टेक्स्ट पॉइंटर अदलाबदल करतात, काउंटर चालूच राहतात. बेरीज शेवटी पालकाकडेच जायची असल्यामुळे हे खपतं.

गुळांबा

थोडं अवांतर, पण कॉर्टेक्स-एम (छोटे एम्बेडेड प्रोसेसर) आणि फ्रीआरटॉस (त्यांच्यावर चालणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) वाल्यांसाठी. तिथे डीडब्ल्यूटीचा (डीबगसाठीच्या युनिटचा) सायकल काउंटर ३२ बिटांचा आहे. १६८ मेगाहर्ट्झवर तो साधारण २५.५ सेकंदांत गुंडाळला जातो. बरेचजण तोच सरळ रन-टाइम स्टॅट्सला जोडतात आणि अर्ध्या मिनिटानंतर टास्कची टक्केवारी वेडीवाकडी येते म्हणून डोकं धरतात.

ट्रेसटास्क_स्विच्ड_आउट आणि इन या मॅक्रोत वाटाड्या यांची वजाबाकी ३२ बिटांत करा आणि बेरीज ६४ बिटांत. फक्त एक छिद्र बुजवा: आयडल टास्क एकटीच असेल तर ती २५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ स्विचशिवाय चालू शकते आणि एक पूर्ण फेरा हरवतो. म्हणून टिक हूकमध्येही अधूनमधून हिशेब जमा करा. डब्ल्यूएफआयमध्ये (इंटरप्टची वाट पाहत थांबवणाऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये) कोअरचं क्लॉक थांबलं की हा काउंटरही थांबतो, त्यामुळे झोपेचा वेळ त्यातून मोजू नका.

त्याच डीडब्ल्यूटीतले बाकीचे काउंटर (लोड-स्टोअर, स्लीप वगैरे) ८ बिटांचे आहेत. २५६ ला ते गुंडाळले जातात, स्विचला वाचून जपण्यात काही अर्थ नाही.

रानभाजी

पर्फ स्टॅट चालवलं की काही ओळींपुढे टक्के येतात. ते याच स्विचमुळे का?

अबोली

नाही, ते काउंटर कमी पडल्यामुळे. इव्हेंट जास्त आणि काउंटर कमी असले की कर्नल ते पाळीपाळीने लावतं. इव्हेंट चालू असायला हवा होता तो वेळ आणि प्रत्यक्ष काउंटरवर होता तो वेळ, असे दोन आकडे ठेवले जातात. दाखवलेली संख्या म्हणजे मोजलेली संख्या गुणिले पहिला भागिले दुसरा. म्हणजे तो अंदाज आहे. प्रोसेस स्विच-आउट असतानाचा काळ दोन्ही घड्याळांत धरत नाहीत.

जुन्या इंटेलवर हायपरथ्रेडिंग चालू असेल तर थ्रेडमागे ४ जनरल काउंटर, बंद असेल तर ८. आइस लेकपासून थ्रेडमागे ८. त्यात एनएमआय वॉचडॉग एक अडवून बसतो. नेमकं मोजताना /प्रोक/सिस/कर्नल/एनएमआय_वॉचडॉग मध्ये ० लिहा. अल्डर लेकसारख्या मिश्र कोअरच्या चिपवर टक्क्यांचा अर्थ आणखी वेगळा: पी-कोअरचा इव्हेंट प्रोसेस ई-कोअरवर असताना मोजतच नाही, म्हणून तिथे दोन ओळी येतात.

हिशेबाचा खर्च स्वतः पाहायचा असेल तर 'पर्फ बेंच शेड पाइप' एकदा नुसतं चालवा, एकदा पर्फ स्टॅटखाली पाच-सहा इव्हेंट लावून. ते दोन टास्कमध्ये सतत स्विच करतं, त्यामुळे फरक उघड दिसतो.

निरंक

सगळ्यांचे आभार. बदल केला. डब्ल्यूआरएमएसआर पूर्ण काढून टाकलं, स्विचच्या मध्यभागी एकच आरडीपीएमसी, १६ बिट सरकवून वजाबाकी, आणि आयडलला वेगळं खातं. आता मोठ्या लूपलाही उडी नाही. यूजर मोडमध्ये बेरीज फिक्स्ड काउंटरशी जुळते. दोन वेळा चालवल्यावर येणारा फरक टायमर टिकच्या संख्येच्या जवळपास आहे, म्हणजे अबोली म्हणतात ते जास्तीचे एकेक.

आता मुलांना हेच आरआयएससी-व्हीवर, एक्सव्ही६ (शिकवण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) मध्ये करायला देणार आहे. तिथे एसडब्ल्यूटीसीएच (स्विच करणारं फंक्शन) फक्त आरए, एसपी आणि एस० ते एस११ अशी १४ रजिस्टर जपतं. त्यात काउंटर घालायचा की बाहेर?

वाटाड्या

बाहेर. एसडब्ल्यूटीसीएचला हात लावू नका. शेड्युलरच्या लूपमध्ये, त्याला बोलावण्याच्या लगेच आधी एक वाचन आणि परत आल्यावर लगेच दुसरं. वजाबाकी स्ट्रक्ट प्रॉकमध्ये, प्रोसेसचं लॉक हातात असतानाच. एक्सव्ही६ मध्ये प्रत्येक स्विच शेड्युलरमधून जातो आणि प्रत्येक कोअरला स्वतःचं शेड्युलर असतं, त्यामुळे दोन्ही वाचनं नेहमी एकाच कोअरची असतात. कोअर बदलण्याचा प्रश्न तिथे आपोआप सुटतो.

सुपरव्हायझर मोडमधून इन्स्टरेट (इन्स्ट्रक्शन मोजणारा काउंटर) वाचायला मशीन मोडमध्ये एमकाउंटरेनचा बिट २ चालू करावा लागतो. ते स्टार्ट.सी मध्ये करा, नाहीतर पहिल्याच वाचनाला बेकायदा इन्स्ट्रक्शनचा ट्रॅप येईल. लिहिणं मात्र मशीन मोडमध्येच होतं, म्हणून वजाबाकीची रीत इथे सोय नाही, गरज आहे.

त्रिज्या

आणि क्यूइमू (एम्युलेटर) नुसतं चालवलं तर सायकल आणि इन्स्टरेट दोन्ही यजमान यंत्राच्या घड्याळातून येतात, इन्स्ट्रक्शन मोजल्याच जात नाहीत. मुलांना -आयकाउंट देऊन चालवायला सांगा, मग इन्स्टरेट खरोखर इन्स्ट्रक्शनबरोबर पुढे सरकतो. कॅश मिसचे इव्हेंट देऊ नका, तिथे मोजायला कॅशच नाही.